आधी ओळख परेड, मग कारवाई
लिनक्सवर वाय-फाय डोंगल चालू करण्याची पद्धत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरचा जुना पण धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुनाट’ ठरला. भंगारात घातला तर त्याचे फारसे काही येत नाही. पण त्याच संगणकावर लिनक्स घातले तर तो आणखी काही वर्षे आरामात चालतो. लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन ही सगळी वितरणे फुकट मिळतात आणि पेन ड्राइव्हवरून तासाभरात बसवता येतात.

खरी अडचण त्यानंतर येते. जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय नसते. म्हणून बाजारातून यूएसबीचा छोटा डोंगल आणला जातो. डोंगलबरोबर आलेली सीडी विंडोजसाठी असते. लिनक्समध्ये डोंगल खोचला, तर कधी लगेच नेटवर्कची यादी दिसते आणि कधी काहीच होत नाही. मग घरात निकाल लागतो, ‘लिनक्स काही कामाचे नाही.’ संगणक पुन्हा चादरीखाली जातो आणि धाकटी बहीण शाळेचा प्रोजेक्ट आईच्या मोबाईलवर करत बसते.

आपण वसतिगृहात राहणारी मुले. घरी जातो ते सुट्टीत, मोजक्या दिवसांसाठी. त्या दिवसांत डोंगल चालू करणे शक्य आहे, पण तेवढे पुरत नाही. आपण शाळेत परतल्यावरही तो चालू राहिला पाहिजे, कारण तेव्हा दुरुस्त करायला आपण घरी नसतो. म्हणून या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, डोंगल का चालत नाही हे संगणकालाच विचारून कसे शोधायचे. दुसरी, सापडलेल्या उपायांपैकी टिकाऊ उपाय कोणता.

एक सूचना आधीच. या पानावर सगळे देवनागरीत छापायचे असल्याने कमांडची अक्षरे मी सुटी करून दिली आहेत. संगणकावर त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत, मधल्या रेघा न देता, सलग टाइप कराव्यात. शाळेच्या संगणकावर यातले काहीही करण्याआधी संगणकाच्या सरांची परवानगी घ्यावी.

ड्रायव्हर, कर्नल आणि फर्मवेअर

लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग सैन्यातल्या कर्नलपेक्षा वेगळे आहे, पण मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात. आमच्या संगणक मंडळात यावरून भरपूर विनोद झाले आहेत. या लेखात कर्नल म्हणजे लिनक्सचाच. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा कर्नल लिहायला घेतला. आज जगभरातले हजारो लोक मिळून तो पुढे लिहीत आहेत.

मेमरी, डिस्क, कीबोर्ड, डोंगल या सगळ्यांशी बोलण्याचे काम कर्नलचे. पण प्रत्येक चिपची भाषा वेगळी असते. सहावीत नवीन आलेल्या मुलाला फक्त मराठी येत असते आणि मेसमधल्या भैयांना फक्त हिंदी. तेव्हा एखादा सीनियर मध्ये उभा राहून दोघांचे बोलणे एकमेकांना सांगतो. कर्नल आणि चिप यांच्यातला असा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर.

विंडोजमध्ये हा दुभाषी बहुधा डोंगल बनवणारी कंपनी देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. म्हणून ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, तो डोंगल सीडीशिवाय, काहीही न बसवता लगेच चालतो. ज्या चिपचा नाही, तो कितीही महागाचा असला तरी नुसता खोचलेला राहतो.

तिसरी गोष्ट फर्मवेअर. अनेक वाय-फाय चिपांना दर वेळी वीज मिळाल्यावर एक छोटा प्रोग्रॅम बाहेरून भरावा लागतो. तो चिपच्या आत चालतो. तो भरण्याचे काम ड्रायव्हर करतो, पण ती फाईल संगणकाच्या डिस्कवर असावी लागते. ड्रायव्हर आहे आणि फर्मवेअर नाही, असे झाले तरी वाय-फाय लागत नाही. वरून पाहता दोन्ही बिघाड सारखेच दिसतात, म्हणून ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आता एकामागून एक पाच प्रश्न.

प्रश्न पहिला: डोंगल संगणकाला दिसतो का?

टर्मिनल उघडा आणि एल-एस-यू-एस-बी ही कमांड द्या. संगणकाला जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येते. डोंगल काढून एकदा आणि लावून एकदा कमांड दिली, की कोणती ओळ वाढली ते कळते. ती ओळ म्हणजे आपला डोंगल.

एकही ओळ वाढली नाही तर ड्रायव्हरचा विचार आत्ता करूच नका. बिघाड त्याच्या आधीचा आहे. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा. जुन्या डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट पातळ तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ते अनेकदा ढिले असतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, म्हणून तिथे लावावा. तरीही ओळ आली नाही तर डोंगल दुसऱ्या संगणकावर तपासावा. तिथेही दिसला नाही तर डोंगलच गेला आहे आणि दुकानदाराकडे जाणे हाच उपाय.

प्रश्न दुसरा: आतली चिप कोणती?

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डबीवर कंपनीचे नाव आणि मॉडेल असते, पण ड्रायव्हर कंपनीसाठी लिहिलेला नसतो, चिपसाठी लिहिलेला असतो. चिप बहुधा दुसऱ्याच कंपनीची असते. एकाच मॉडेलच्या डबीत पुढे वेगळी चिपही येऊ शकते. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉस कंपनीची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस चिप आली. बाहेरून डोंगल तोच आणि नावही तेच, पण लिनक्सच्या दृष्टीने ही दोन वेगळी उपकरणे आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर वेगळे आहेत. मित्राचा ‘तोच’ डोंगल चालतो आणि आपला चालत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

मग चिप ओळखायची कशी? प्रत्येक यूएसबी उपकरण स्वतःचा क्रमांक सांगते. एल-एस-यू-एस-बीच्या ओळीत ‘आयडी’ या शब्दापुढे तो दिसतो. चार अक्षरे, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग पुन्हा चार अक्षरे. पहिली चार कंपनीची, नंतरची चार उपकरणाची. हे आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात. ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे १० ते १५ यांच्यासाठी वापरतात. चार जागांवर प्रत्येकी सोळा शक्यता, म्हणजे १६ × १६ × १६ × १६ = ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक होतात.

कॅडेटचा रोल नंबर सांगितला की तो कोणत्या हाऊसचा ते ऑफिसला कळते. हा क्रमांक तसाच आहे. कर्नलसुद्धा नाव वाचत नाही. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तो सांभाळत असलेल्या क्रमांकांची यादी असते. डोंगलचा क्रमांक त्या यादीत सापडला तर तो ड्रायव्हर आपोआप कामाला लागतो.

काही उदाहरणे पाहू. ०सीएफ३:९२७१ म्हणजे अथेरॉसची एआर९२७१. ०बीडीए हा रिअलटेक कंपनीचा क्रमांक, म्हणून ०बीडीए:८१७९ म्हणजे रिअलटेकची आरटीएल८१८८ईयू. मात्र डोंगल विकणारी कंपनी स्वतःचाही क्रमांक घालू शकते. डब्ल्यूएन७२२एनची दुसरी आवृत्ती आपला क्रमांक २३५७:०१०सी असा सांगते. २३५७ हा टीपी-लिंकचा क्रमांक आहे, आतली चिप मात्र रिअलटेकचीच. त्यामुळे क्रमांक वहीत लिहून घ्यावा आणि त्या पूर्ण क्रमांकावरून चिप शोधावी.

एक क्रमांक वेगळा लक्षात ठेवा: ०बीडीए:१ए२बी. हा दिसला तर डोंगल अजून वाय-फायच झालेला नाही. काही डोंगलांच्या पोटात विंडोजच्या ड्रायव्हरची एक छोटी डिस्क असते आणि खोचल्यावर ते आधी ‘मी सीडी आहे’ असे सांगतात. विंडोजवर ड्रायव्हर बसला की ते वाय-फायच्या रूपात येतात. लिनक्समध्ये फाईल मॅनेजरमध्ये दिसणारी ती डिस्क ‘इजेक्ट’ केली, की बहुतेक वेळा क्रमांक बदलतो आणि खरे उपकरण समोर येते. हेच काम आपोआप करण्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो वितरणाच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतो.

प्रश्न तिसरा: ड्रायव्हर लागला का?

इथे तीन ठिकाणी पाहायचे.

पहिले, एल-एस-यू-एस-बी, मोकळी जागा, वजाचे चिन्ह आणि टी. आता यादी झाडाच्या फांद्यांसारखी येते आणि प्रत्येक फांदीवर ‘ड्रायव्हर’ या शब्दापुढे नाव असते. डोंगलच्या फांदीवर नाव नसेल, किंवा ‘नन’ असे लिहिले असेल, तर दुभाषी मिळालेला नाही.

दुसरे, कर्नलची रोजनिशी. कर्नल प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतो. ती वाचायची कमांड डी-एम-ई-एस-जी. उबुंटू आणि डेबियनमध्ये तिच्याआधी एस-यू-डी-ओ लावावे लागते. पुढे वजा आणि डब्ल्यू दिले तर नोंदी चालू राहतात. अशी कमांड देऊन डोंगल खोचा आणि पडद्यावर काय उमटते ते वाचा. कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबली की नोंदी थांबतात.

तिसरे, आय-पी, मोकळी जागा, एल-आय-एन-के. यात संगणकाच्या सगळ्या नेटवर्क जोडण्या दिसतात. डब्ल्यूएल या अक्षरांनी सुरू होणारे नाव दिसले, तर ड्रायव्हर लागला आणि वाय-फाय तयार झाले. यूएसबी डोंगलचे नाव उबुंटू आणि मिंटमध्ये बहुधा डब्ल्यूएलएक्स असे सुरू होऊन पुढे लांबलचक असते. तो डोंगलचा स्वतःचा बारा अक्षरी पत्ता असतो.

ड्रायव्हर लागला नसेल तर लगेच इंटरनेटवर ड्रायव्हर शोधायला धावू नका. आधी कर्नलचे वय विचारा. यू-एन-ए-एम-ई, मोकळी जागा, वजा, आर. उत्तरात ५.१५ किंवा ६.८ असा आकडा येतो. हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते पाहा. आरटीएल८१८८ईयू चिपचा ड्रायव्हर २०१३ पासून कर्नलच्या ‘स्टेजिंग’ नावाच्या विभागात होता. ज्या ड्रायव्हरचा दर्जा अजून पुरेसा नाही, त्याला तिथे ठेवतात. थोडक्यात, प्रशिक्षण चालू, पासिंग आउट झालेले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलमध्ये मुख्य विभागातल्याच एका ड्रायव्हरने ही चिप सांभाळायला सुरुवात केली. त्याच ६.२ मध्ये आरटीएल८८२१सीयू, आरटीएल८८२२बीयू अशा रिअलटेकच्या आणखी काही यूएसबी चिपांना जागा मिळाली. म्हणजे जो डोंगल ५.१५ वर मुका आहे, तोच ६.२ किंवा त्यानंतरच्या कर्नलवर बोलू लागतो. डोंगल बदलायचा नाही, ड्रायव्हर शोधायचा नाही, कर्नल नवा करायचा.

आमच्या संगणक मंडळातल्या एका जुन्या डेस्कटॉपचे उदाहरण देतो. त्यावर लिनक्स मिंट २१ होते, कर्नल ५.१५. डोंगल अगदी नखाएवढा, कंपनीचे नावही नसलेला. क्रमांक आला ०बीडीए:१ए२बी. डिस्क इजेक्ट केल्यावर तो ०बीडीए:सी८११ झाला. ही आरटीएल८८११सीयू चिप, ८८२१सीयूची भावंड, आणि दोघींचा ड्रायव्हर एकच. रोजनिशीत ड्रायव्हरचे नाव कुठेच नव्हते. ५.१५ मध्ये तो नसतोच. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ या मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ असा पर्याय आहे. तिथून ६.८ निवडला, संगणक पुन्हा चालू केला आणि नेटवर्कची यादी समोर आली. इंटरनेटवरून कोणताही ड्रायव्हर उतरवावा लागला नाही.

कर्नल उतरवायला तरी इंटरनेट हवेच, मग ते आणायचे कुठून? मोबाईल यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड मोबाईलसाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. संगणकाला ती साधी तारेची जोडणी वाटते. मोबाईल आपल्याला शाळेत मिळत नाही, म्हणून मंडळात हे काम सरांच्या मोबाईलवर झाले. घरी आईचा किंवा बाबांचा मोबाईल अर्धा तास मागून घ्यावा.

नवा कर्नल बसवल्यावर जुना पुसला जात नाही. नव्याने काही बिघडलेच तर संगणक सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडता येतो. माघारीची वाट उघडी असते, हे या उपायाचे मोठे बळ.

प्रश्न चौथा: फर्मवेअर मिळाले का?

तिसऱ्या प्रश्नात ड्रायव्हरचे नाव दिसले, पण डब्ल्यूएलने सुरू होणारी जोडणी दिसली नाही किंवा ती चालत नाही, तर पुन्हा रोजनिशी वाचा. ‘फर्मवेअर’, ‘फेल्ड’ आणि ‘उणे २’ हे एका ओळीत दिसले तर दुखणे सापडले. उणे २ हा लिनक्समधला ठरलेला संकेत आहे आणि त्याचा अर्थ ‘अशी फाईल नाही’. त्याच ओळीत कोणती फाईल हवी तिचे नावही असते. इतके स्पष्ट उत्तर संगणक क्वचितच देतो.

उबुंटू आणि मिंटमध्ये फर्मवेअरचा मोठा संच आधीच असतो. डेबियनमध्ये पूर्वी असा बंदिस्त फर्मवेअर बाजूला ठेवत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तो अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळू लागला. जुना डेबियन असेल तर ‘फर्मवेअर-रिअलटेक’ किंवा ‘फर्मवेअर-अथेरॉस’ असे चिपच्या कंपनीच्या नावाचे पॅकेज बसवायचे, डोंगल काढून पुन्हा लावायचा.

प्रश्न पाचवा: सगळे आहे, मग अडवले कोणी?

आर-एफ-के-आय-एल-एल ही कमांड द्या. यात प्रत्येक बिनतारी उपकरणापुढे दोन रकाने दिसतात, सॉफ्ट आणि हार्ड. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे प्रणालीने बंद केलेले, बहुधा एअरप्लेन मोड चालू राहिल्यामुळे. हार्ड ब्लॉक म्हणजे बटणाने बंद केलेले. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचे सरकते बटण असते. ते सरकवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डोंगलला बाकी नेटवर्क दिसतात आणि घरचेच दिसत नाही, असे असेल तर राउटरची वारंवारता पाहा. आरटीएल८१८८ईयूएस, एआर९२७१ अशा चिपा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर त्या डोंगलसाठी ते नेटवर्क अस्तित्वातच नाही.

वेग फार कमी येत असेल तर डोंगल कुठे लावला आहे ते पाहा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टमधून होणारी माहितीची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय आणू शकते. शिवाय संगणकाची लोखंडी पेटी मागून सिग्नल अडवते. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणला की दोन्ही अडचणी कमी होतात.

ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेलच तर

नवा कर्नल घालूनही ड्रायव्हर मिळाला नाही, असेही होते. अशा चिपांसाठी काही लोक ड्रायव्हरचा मूळ कोड इंटरनेटवर ठेवतात. तो आपल्या संगणकावर कंपाईल करून बसवावा लागतो. त्यासाठी कंपायलर आणि चालू कर्नलच्या ‘हेडर’ फाईली लागतात. हेडरचा क्रमांक यू-एन-ए-एम-ईच्या उत्तराशी तंतोतंत जुळावा लागतो.

पण असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी कंपाईल केला, त्याच्यापुरताच असतो. आपण शाळेत परतल्यावर घरी एखाद्या दिवशी अपडेट येतो, कर्नल बदलतो आणि वाय-फाय गप्प होते. आई रविवारच्या फोनवर सांगते, ‘अरे, तो संगणक पुन्हा बंद पडला.’ फोनवरून कंपाईल करायला सांगणे कोणाला जमणार?

यासाठी डीकेएमएस नावाची व्यवस्था आहे. डेल कंपनीत तिची सुरुवात झाली. ड्रायव्हरचा कोड डीकेएमएसच्या ताब्यात दिला की कर्नल बदलेल तेव्हा ती तो कोड आपोआप पुन्हा कंपाईल करते. तरीही पूर्ण हमी नाही. कर्नलच्या आतली रचना बदलत राहते आणि जुना कोड एखाद्या नव्या कर्नलवर कंपाईलच होत नाही. म्हणून बाहेरचा ड्रायव्हर हा शेवटचा उपाय मानावा, तो घ्यायची वेळ आलीच तर डीकेएमएसमधूनच घ्यावा.

आणखी एक अडथळा सिक्युअर बूटचा. विंडोज ८ च्या काळापासूनच्या, म्हणजे साधारण २०१२ नंतरच्या, बहुतेक संगणकांत ही सोय असते. ती चालू असताना सहीशिवाय आलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. रोजनिशीत किंवा टर्मिनलवर ‘की रिजेक्टेड’ अशा अर्थाची ओळ येते. उबुंटू आणि मिंटमध्ये असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. संगणक पुन्हा चालू झाला की निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत हा पडदा बंद केला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. सिक्युअर बूट सरसकट बंद करून टाकणे सोपे आहे, पण गेटवरचा पहारेकरी हटवून पाहुण्याला आत घेण्यासारखे ते आहे. पाहुण्याला पास करून देणे चांगले.

कमांड कोणाची मानायची?

एस-यू-डी-ओ, म्हणजे ‘सुडू’, हा शब्द आधी लावला की ती कमांड संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालते. मग ती काहीही बदलू किंवा पुसू शकते. वाय-फाय लागत नाही म्हणून वैतागलेला माणूस कुठेतरी दिसलेल्या चार ओळी न वाचता चिकटवतो, आणि त्या ओळींच्या सुरुवातीला बहुधा हाच शब्द असतो. त्यातून ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणजे त्याच्यापासून काहीच लपलेले राहत नाही. घरच्या संगणकावर बाबांचे बँकेचे व्यवहारही होत असतात.

परेड ग्राउंडवर आपण कमांड ताबडतोब मानतो, कारण ती देणारे उस्ताद आपल्यासमोर उभे असतात आणि ते कोण हे आपल्याला माहीत असते. संगणक मात्र कमांड देणाऱ्याचा हुद्दा पाहत नाही. ती जबाबदारी आपली. म्हणून प्रत्येक ओळ काय करते हे कळल्याशिवाय ती देऊ नये. वर सांगितलेल्या पाच प्रश्नांच्या सगळ्या कमांड फक्त माहिती विचारणाऱ्या आहेत, त्यांनी काहीही बदलत नाही. त्या निर्धास्तपणे देता येतात. बदल करणारी कमांड मात्र सगळी उत्तरे वहीत उतरल्यानंतरच.

पालकांसाठी, खरेदीपूर्वी

डोंगल अजून घेतलेला नसेल तर निम्मी लढाई दुकानातच जिंकता येते. डबीवरची वेगाची मोठी आकडेवारी बाजूला ठेवून ‘यात चिप कोणती?’ एवढे विचारावे. अथेरॉसची एआर९२७१ आणि मीडियाटेकच्या अनेक चिपा यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. रिअलटेकची चिप असेल तर तिचा क्रमांक लिहून घेऊन ती कोणत्या कर्नलपासून चालते ते पाहावे. दुकानदाराला चिप माहीत नसेल तर परत घेण्याची अट आधी ठरवून घ्यावी. आणि राउटर शेजारीच असेल तर डोंगल घेऊच नये. साधी लॅन केबल जुन्या डेस्कटॉपला पुरते.

हे सगळे फक्त जुन्या संगणकापुरते नाही. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तयार केली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली बसवणार असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. आपल्यापैकी जे पुढे सैन्यात जातील, त्यांच्या टेबलावर लिनक्स असण्याची शक्यता बरीच आहे.

घरी ठेवायची चिठ्ठी

सुट्टी संपण्याआधी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून संगणकाच्या पेटीला चिकटवा.

१. डोंगलचा आठ अक्षरी क्रमांक आणि चिपचे नाव.
२. लिनक्सचे वितरण, त्याची आवृत्ती आणि ज्या कर्नलवर वाय-फाय चालले त्याचा क्रमांक.
३. ड्रायव्हर कर्नलमधला आहे की बाहेरून बसवलेला.
४. डोंगल कोणत्या पोर्टमध्ये लावायचा.
५. अपडेटनंतर वाय-फाय बंद पडले तर: संगणक पुन्हा चालू करा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा, क्रमांक २ मध्ये लिहिलेला कर्नल घ्या.
६. तेही जमले नाही तर मोबाईल केबलने जोडून टेदरिंग चालू करा आणि पुढच्या सुट्टीची वाट पाहा.

पाचवी ओळ मोठ्या अक्षरांत लिहा. आई-बाबांना ती एकदा स्वतःच्या हाताने करून पाहायला सांगा, आणि तेव्हा आपण शेजारी फक्त उभे राहा.

कॅडेट, इयत्ता दहावी
संगणक मंडळ